हाकेचं बेट

बसा. होडी सुटायला अजून थोडा वेळ आहे. उन्हात उभे राहू नका, इकडे करंजाखाली या.

समोर दिसतं तेच बेट. इथून नुसती हिरवी गर्दी दिसते. वाळुंज, करंज, जांभूळ, आणि मधोमध तो मोठा उंबर. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला पाऊण तास लागतो. पक्षी बघत गेलात तर अर्धा दिवस पुरत नाही. बेटाच्या मागे त्या उंच इमारती दिसतात ना, ते तुमचं शहर. पुलावरच्या गाड्यांचा आवाज इथपर्यंत येतो. बेटावर गेलात की तो ऐकू येत नाही.

माणसं मला दोन गोष्टी विचारतात. पहिली, शहर एवढं वाढलं, नदीच्या कडेनं बोटभर जागा उरली नाही, मग ही एवढी चांगली जमीन मोकळी कशी राहिली? वनखात्याचं उद्यान आत्ता आत्ताचं. त्याच्या आधीही कित्येक पिढ्या इथं घर नव्हतं, शेत नव्हतं. तिकडे फाटकापाशी खात्यानं पाटी लावली आहे. तिच्यावर पक्ष्यांची नावं आहेत, झाडांची नावं आहेत. हे मात्र लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट ते होडीत बसल्यावर विचारतात. आमच्या होडीत एक रीत आहे. सगळे बसले की प्रत्येकानं आपल्या शेजारच्या माणसाचं नाव मोठ्यानं सांगायचं. स्वतःचं सांगायचं नाही, शेजारच्याचं सांगायचं. माहीत नसेल तर विचारून घ्यायचं. शेवटचं नाव नावाड्याचं, ते होडीतल्या कोणा बाईनं घ्यायचं. त्याशिवाय होडी हलत नाही. कॉलेजची मुलं हसतात, हसू देत. परवा एक साहेब आले होते, शेजारी त्यांचा ड्रायव्हर बसला होता. साहेब म्हणाले, "हा पाटील." मी म्हणालो, "आडनाव नको, नाव सांगा." साहेबांना येईना. अकरा वर्षं तो माणूस त्यांची गाडी चालवत होता. ड्रायव्हरच म्हणाला, "विश्वंभर, साहेब." तेव्हा साहेबांनी नाव घेतलं आणि होडी सुटली. येताना दोघं एका बाजूला बसून बोलत होते.

ही रीत कुठून आली ते सांगतो. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझ्या आजीनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं सांगितलं, तसं सांगतो.

फार पूर्वी, म्हणजे नदीवर एकही पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. बेटावर तेव्हा झाडं थोडी होती. पूर आला की नदी गाळ आणून टाकते, त्या जमिनीला आमच्याकडे मळई म्हणतात. बेटाची सगळी जमीन मळईची. वांगी, मिरची, दोडका, काय लावाल ते यायचं. अकरा झोपड्या होत्या आणि एक्केचाळीस माणसं. ती भाजी पिकवायची, आणि गावच्या बाजाराला ती होडीनं पलीकडे जायची.

होडी तुळाजी भोयाची होती. त्याचं घर या काठावर, आत्ता तिकिटाची खिडकी आहे तिथं कुठंतरी होतं असं सांगतात. घरात तो आणि त्याची बायको गोजरा. लेकरू नव्हतं. गोजराही त्याच्याबरोबर होडीवर असायची. तो पुढे उभा राहून बांबू रेटायचा आणि ती मागच्या फळीवर बसून वल्ह्यानं होडीचं तोंड सांभाळायची. तुळाजी कमी बोलणारा होता आणि गोजरा दोघांच्या वाटचं बोलायची. वांग्याच्या पाट्या घेऊन बाया होडीत बसल्या की ती म्हणायची, "वांगी खाली ठेवा, गं. माझ्या धन्याला वांगं दिसलं की बांबू सोडून पळंल, असा वांग्याला भितोय." तुळाजीला वांगं आवडत नसे. बाया हसायच्या. तो मागे वळून बघायचासुद्धा नाही, पण त्याच्या पाठीवरून कळायचं म्हणे, की तोही हसतोय.

भोई लोकांची तेव्हा मोजायची एक पद्धत होती. नावाड्याजवळ भोपळ्याचा वाळवलेला तुंबा असायचा. जेवढी माणसं पलीकडे न्यायची तेवढे खडे त्या तुंब्यात टाकायचे. माणूस होडीत बसलं की एक खडा काढून नदीत टाकायचा. तुंबा रिकामा झाला की सगळे आले. लिहिता-वाचता येत नसलं तरी यात चूक होत नसे. पण त्यात एक होतं. नावाड्याच्या घरच्या माणसाचा खडा नसायचा. घरचं माणूस मोजायचं नाही. मोजलं तर नदीला आकडा कळतो आणि ती त्यातलं एक मागते, असं ती माणसं मानत. उतारू म्हणजे पाहुणे, त्यांचा हिशेब नदीला द्यायचा. आपल्या घराचा द्यायचा नाही. तुळाजीच्या बापानं हे पाळलं होतं, आज्यानं पाळलं होतं. तोही पाळायचा.

मग एका भादव्यात पूर आला. गौरी बसायला दोन दिवस होते म्हणतात. पूर दर वर्षी यायचा, झोपड्यांच्या खालपर्यंत यायचा आणि जायचा. त्या वर्षी तो सकाळी आला आणि थांबेना. दुपारी मिरचीचे वाफे बुडाले. तुळाजीनं पाणी बघितलं, पाण्याचा रंग बघितला, आणि गोजराला म्हणाला, "हे न्हाई थांबायचं. माणसं काढू."

तुंब्यात एक्केचाळीस खडे पडले. होडीत बसत होती आठ माणसं. पहिल्या खेपेला गोजरा बेटावर उतरली आणि तिथंच थांबली, कारण माणसांना आवरायला कोणीतरी हवं होतं. कोणी भांडी बांधत होतं, कोणी देव घेत होतं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीचा दोर धरायची, लेकरं उचलून द्यायची, म्हाताऱ्यांना हात द्यायची. गाठोडं फेकून द्यायची. "गाठुडं तरंगतंय, तुमी न्हाई तरंगत," असं म्हणायची. अशा चार खेपा झाल्या. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं.

पाचवी खेप शेवटची. माणसं नऊ उरली होती, ती सगळी घ्यायची आणि गोजरानंही यायचं, असं ठरलं. होडी टेकली. माणसं चढत गेली, तुळाजी एकेक खडा टाकत गेला. या नऊ जणांत हौसा नावाची एक विधवा बाई होती. तिची दोन लहान लेकरं तिच्या मांडीवर होती. ती मागच्या फळीच्या शेजारी बसली आणि बसल्यावर एकदम रडायला लागली.

गोजरानं विचारलं, "काय गं?"

"माझी म्हस," हौसा म्हणाली. "दाव्यालाच ऱ्हायली."

म्हैस सोडलेली असेल तर पुरातून पोहून जाते. बांधलेली असेल तर खुंट्यालाच बुडते. हौसाचं सगळं घर त्या एका म्हशीवर होतं. गोजरानं मागे बघितलं. गोठा तीस-चाळीस पावलांवर होता.

"तू बस," ती म्हणाली. "मी सोडून आले."

होडीच्या मधे गाठोडी आणि माणसं होती. पुढे तुळाजी बांबू रोवून होडी धरून उभा होता. नदीचा आवाज एवढा होता की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. त्याला हे काही ऐकू गेलं नाही. तेवढ्यात वरच्या अंगाला बेटाचा काठ कोसळला, आख्ख्या घराएवढा तुकडा पाण्यात गेला. होडी उलटायला आली. माणसं ओरडायला लागली, सुटा, सुटा. तुळाजीनं तुंब्यात हात घातला. तुंबा रिकामा होता.

"समदी आली?" त्यानं विचारलं.

"आली," कोणीतरी म्हणालं.

त्यानं बांबू रेटला.

हौसानं मागे बघितलं. गोठ्याच्या कोपऱ्याशी गोजरा आली होती आणि तिनं हात वर केला होता. हौसानं तोंड उघडलं. तिच्या मांडीवर दोन लेकरं होती. तिला कळलं की आपण बोललो तर हा माणूस होडी वळवणार, आणि या पाण्यात होडी वळली तर कोणी राहणार नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

होडी या काठाला लागली तेव्हा तुळाजीचे हात सोलून निघाले होते. त्यानं पुढून उडी मारली आणि न बघताच मागे हात केला. "दोर दे," तो म्हणाला. बारा वर्षं तो असाच हात मागे करायचा आणि गोजरा त्याच्या हातात दोर ठेवायची. हात तसाच राहिला. मग तो वळला.

त्यानं सगळ्यांना विचारलं. ती होडीत बसली होती का? कोणी म्हणालं, बसली असंल. कोणी म्हणालं, मधल्या धारंत पडली काय की. हौसा लेकरांना घेऊन खाली मान घालून बसली होती. ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं खालच्या अंगाला म्हैस काठाला लागली. तुळाजी धावत गेला. म्हशीच्या गळ्यात दावं होतं. त्यानं दाव्याचं टोक हातात घेऊन बघितलं. ते तुटलेलं नव्हतं, खुंटा उपसून आला नव्हता. गाठ कोणीतरी हातानं सोडली होती. तेव्हा त्याला कळलं की गोजरा मागं राहिली आहे.

तो तसाच होडीत चढला आणि एकटा सुटला. लोकांनी धरायच्या आत गेला. अर्ध्या पाण्यात वाहत आलेलं एक झाड होडीवर आदळलं आणि होडीच्या फळ्या झाल्या. तुळाजी कोसभर खाली एका बाभळीला अडकलेला सापडला. लोकांनी त्याला उचलून आणलं. दुसरी होडी आसपास कुठं नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बेट दिसत नव्हतं. सगळीकडे पाणी, आणि त्यातून फक्त वाळुंजाचे चार शेंडे वर आलेले. त्यातल्या एका शेंड्यावर हिरवं काहीतरी होतं. गोजराचं लुगडं हिरवं होतं.

तुळाजी काठावर उभा राहिला आणि हाक मारायला लागला. आता तुम्हाला ठाऊक असेल नसेल, त्या वेळी नवरा बायकोचं नाव घ्यायचा नाही. अगं म्हणायचा. बायको तर नवऱ्याचं नाव मेली तरी घ्यायची नाही. तुळाजी सकाळभर "अगं ए" अशी हाक मारत होता. काठावर पन्नास माणसं ओरडत होती, कोणी जनावरांना, कोणी एकमेकांना. शेंड्यावरचं हिरवं हलत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं त्याला म्हटलं, "तुळाजी, अगं म्हणून इथल्या समद्या बाया वळून बघत्यात. तिला कसं कळावं? नाव घे."

तुळाजी लाजला म्हणे, त्या तशा वेळीसुद्धा. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. "गोजरा."

शेंड्यावरचं हिरवं हललं. तिनं पदर सोडून वर धरला होता.

तो दिवस त्यानं हाका मारण्यात घालवला. ती दर वेळी पदर हलवायची. काठावरच्या बायांनी रांधलेलं कोणी खाल्लं नाही. तुळाजीनं कमरेला वाळके भोपळे बांधून दोनदा उडी टाकली आणि नदीनं त्याला दोनदा काठावर आणून आपटलं. दुसऱ्या खेपेला त्याच्या छातीचं हाड मोडलं. मग लोकांनी त्याला बाभळीला बांधून ठेवलं. बांधणारी माणसं तीच होती, जी गोजरानं हात देऊन होडीत चढवली होती. ती रडत होती आणि गाठी मारत होती. तो बांधलेल्या जागेवरून हाक मारत होता. पाणी चढतच होतं.

तिसऱ्या दिवशी पदर हलायचा, पण उशिरानं. एक हाक, दोन हाका झाल्या की मग हलायचा. तेव्हा लोकांनी आणखी एक करून बघायचं ठरवलं. विहिरीच्या मोटेला जाड दोर असतो, त्याला नाडा म्हणतात. आसपासच्या सगळ्या विहिरींवरचे नाडे काढून आणले आणि एकाला एक बांधले. तुळाजीला सोडलं. नाडा त्याच्या काखेतून बांधला. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं पात्र वळतं तिथून त्याला सोडायचं, म्हणजे धार त्याला आपोआप बेटाकडे नेईल. खूण ठरली. एक हिसका आला तर दोर सोडत राहायचं. दोन हिसके आले तर तो बुडतोय, ओढून घ्यायचं.

तो गेला. पंचवीस माणसं दोर सोडत होती, हौसाही त्यात होती. धारेनं त्याला अगदी बरोबर नेलं. वाळुंजाचा शेंडा जवळ आला. आणि दोर संपला.

किती कमी पडला? आठ हात, असं सांगतात. या करंजाच्या बुंध्यापासून त्या होडीपर्यंत, एवढंच. तुळाजी पाण्यात ताणलेल्या दोराला लटकत होता आणि समोर त्याला तिचं तोंड दिसत होतं. तिनं लुगड्याच्या फाडलेल्या पट्टीनं स्वतःला फांदीला बांधून घेतलं होतं. ओठ निळे पडले होते.

त्याला बघून ती म्हणाली, "आवं, म्हस पोचली का?"

"पोचली," तो म्हणाला.

"मग बरं झालं. लई भ्याली हुती."

तुळाजी छातीवरची गाठ सोडायला लागला. पाण्यानं गाठ फुगली होती, सुटेना. तो गाठ ओढत होता आणि बोलत होता. त्याला एकदम रडू आलं. "म्या तुला मोजलं न्हाई गं," तो म्हणाला.

"घरचं कोण मोजतंय," गोजरा म्हणाली. "रडू नगा. ती गाठ डावीकडनं वढा."

तिला त्या तसल्या वेळी गाठ दिसली. तिनं बारा वर्षं दोर सांभाळले होते. त्यानं डावीकडून ओढलं आणि गाठ ढिली व्हायला लागली. तेवढ्यात वरून वाहत आलेला एक ओंडका ताणलेल्या दोरावर आदळला. आदळला आणि उसळून परत आदळला. काठावर दोन हिसके कळले.

लोकांनी ओढायला सुरुवात केली.

हौसाला लांबून दिसत होतं की तो बुडत नाही, तो बोलतोय. या वेळी ती ओरडली, "वढू नगा, वढू नगा." पण पंचवीस माणसं एकदम जोर लावत होती, तिचं कोणी ऐकलं नाही. तुळाजी पाठमोरा खेचला जायला लागला. आठ हातांचे वीस झाले, वीसचे पन्नास झाले. तो त्यांना शिव्या देत होता, हात मारत होता.

तेव्हा गोजरानं त्याचं नाव घेतलं. "तुळाजी," अशी हाक मारली. काठावरच्या सगळ्यांनी ती ऐकली. एवढ्या पाण्यातून ती कशी ऐकू आली ते कोणाला सांगता येत नाही, पण ऐकणारे सगळे सांगायचे की अगदी कानाशी मारल्यासारखी हाक होती. एकदाच. त्यानंतर तिनं हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी उजाडलं तेव्हा वाळुंज उभं होतं, पण शेंड्यावर हिरवं काही नव्हतं.

पाणी उतरायला आणखी पाच दिवस लागले. बेट वर आलं तेव्हा त्याच्यावर झोपडी नव्हती, वाफा नव्हता. हातभर जाडीचा नवा काळा गाळ होता, लोण्यासारखा. लोकांनी नवी होडी मिळवली, तुळाजीबरोबर गेले आणि बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळलं. खालच्या गावांना निरोप गेले. गोजरा कुठंच सापडली नाही. लोक परत आले. तुळाजी आला नाही. तो म्हणाला, "ती सापडली की येतो."

महिनाभरानं पेरणीची वेळ झाली. बेटावरची माणसं बैल आणि नांगर होडीत घालून आली. असा गाळ त्यांनी जन्मात बघितला नव्हता, दोन वर्षांचं पीक एका वर्षात आलं असतं. आणि त्यांच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. तुळाजी त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. तो रागावला नाही, त्यानं आडवा हातही केला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "नांगर घालशीला तितं ती आसली तर?"

माणसं उभी राहिली. बैल उभे राहिले. कोणाच्यानं पाऊल पुढे टाकवेना. मग त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "आधी तिला हुडकू. मग पेरू." त्यांनी बैल परत होडीत चढवले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा हुडकलं, ती सापडली नाही, पुन्हा परत गेले. ती माणसं फार हालात राहिली असं सांगतात. दुसऱ्याच्या रानात राबली, काही देशोधडीला लागली. पण बेटावर नांगर कोणी घातला नाही, आणि ज्या जमिनीत नांगर जात नाही तिथं झाड येतं. हे सगळं रान असं आलं.

तुळाजी बेटावर एका खोपटात राहिला. त्याला रोज भाकरी पोचवायची हौसा. तिला होडी चालवता येत नव्हती. ती शिकली. बाईमाणसाच्या हातात बांबू बघून काठावरची माणसं म्हणायची, "हौसा, मिशा कवा येणार?" ती बांबू रेटत पुढे जायची. एक वर्ष तिनं भाकरी पोचवली आणि एक दिवस भाकरी खाली ठेवून म्हणाली, "म्या बघितली हुती तिला. होडी सुटली तवा. तिनं हात वर क्येला हुता."

तुळाजी भाकरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू बोलली आसतीस तर म्या वळलो आसतो."

"व्हय."

"समदी बुडलो आसतो. तुझी पोरं बी."

"व्हय."

"तरी बोलायचं हुतंस," तुळाजी म्हणाला. "माझा इचार म्या क्येला आसता. तू का क्येलास?"

त्यानं भाकरी अर्धी केली आणि अर्धी तिला दिली. ती घ्यायला तयार नव्हती, त्यानं घ्यायला लावली. आणि तिथंच त्यानं तिला रीत सांगितली. म्हणाला, "तुंबा फेकून दे. खडं कुणाची वळख ठेवत न्हाईत. म्या समद्यांस्नी इचारलं, समदी आली का, तर एक जण म्हणाला आली, आणि बाकीचे गप ऱ्हायले. आता कुणाला गप ऱ्हाता यायचं न्हाई असं कर. ज्याच्या शेजारी जे माणूस, त्यानं त्याचं नाव घ्यायचं. नावाड्याचं नाव बाईनं घ्यायचं." नावाड्याचं का, ते त्यानं सांगितलं नाही. हौसानं विचारलं नाही.

त्या दिवशी ती परत निघाली आणि होडीत बसून राहिली. होडी सुटेना तेव्हा तुळाजीनं काठावरून विचारलं, "का गं? का थांबलीस?"

"शेजारी कुणी न्हाई," हौसा म्हणाली. "नाव कुणाचं घिऊ?"

तुळाजी मागच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिचं घे."

पुढं तुळाजी बेटावरच वारला. त्याची समाधी वगैरे काही नाही, उगाच शोधू नका. होडी हौसाकडे राहिली. तिच्यानंतर तिच्या लेकीनं चालवली, मग लेकीच्या घरात. मी त्याच घरातला.

आता काही वर्षांपूर्वी या बेटावर मोठमोठी माणसं येऊन गेली. इथं बंगले होणार, पूल होणार, असं ऐकू यायचं. काठावरच्या गावांनी मिळून अर्ज दिला. अर्जात काय कारण लिहावं, असं लिहिणाऱ्या मास्तरांनी विचारलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "लिहा, आमचं माणूस अजून सापडलेलं नाही." मास्तरांनी तसं लिहिलं की नाही मला माहीत नाही, मला वाचता येत नाही. पण पुढं वनखातं आलं आणि बेट राहिलं. खात्यानं मला इंजिन देऊ केलं होतं. मी नको म्हणालो. इंजिनाच्या आवाजात कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही.

सकाळी तुम्ही यायच्या आधी मी एकटा बेटावर एक फेरी मारतो. कुठं झाड पडलंय का, कुठं जाळं लावलंय का, ते बघतो. गाळात काही वर आलेलं दिसलं तर वाकून बघतो. मग होडीत येतो. त्या वेळी माझ्या शेजारी कोणी नसतं. आजही मागच्या फळीकडे तोंड करून मी गोजरा म्हणतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबतो. मग सुटतो.